‘शाळा’ : नववीच्या वर्गातले पहिले प्रेम आणि त्याभोवतीचे कुंपण

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी मौज प्रकाशन गृहाने २००४ साली प्रसिद्ध केली. नववीत शिकणारा मुकुंद जोशी आणि त्याच्याच वर्गातली शिरोडकर यांच्यातील अस्फुट प्रेमाची ही कथा. काळ आणीबाणीचा, म्हणजे २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ या दरम्यानचा. स्थळ एक निमशहरी गाव. आडनावांवरून आणि मुलांच्या बोलीवरून ते मुंबईच्या आसपासचे, कोकणपट्टीकडचे असावे असे वाटते. निवेदन सर्वस्वी मुकुंदचे आहे आणि तेही चौदा वर्षांच्या मुलाने मित्राशी बोलावे तशा भाषेत. या एका निर्णयाने कादंबरीला तिची चव दिली, आणि तिची मर्यादाही याच निर्णयातून आली. त्या मर्यादेविषयी फारसे लिहिले गेलेले नाही, म्हणून या लेखाचा भर तिच्यावर आहे.

कथानक थोडक्यात सांगता येते. मुकुंद, सुऱ्या, चित्रे आणि फावड्या हे चौघे वर्गमित्र. गावातील एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत त्यांचा अड्डा. तेथे शिक्षकांची टिंगल चालते, वर्गातील मुलींची चर्चा होते आणि कोण कोणाला ‘लाइन’ देते याचा हिशेब मांडला जातो. सुऱ्याचे मन केवडा नावाच्या मुलीवर, तर मुकुंदचे शिरोडकरवर. सुऱ्या उतावळा आहे. तो सरळ विचारून मोकळा होतो आणि त्याचे परिणाम सगळ्यांना भोगावे लागतात. मुकुंद मात्र वाट पाहतो. शिरोडकर कोणत्या रस्त्याने येते, कोणाबरोबर येते, मान वळवते की नाही, हसली ते आपल्याला उद्देशून की मैत्रिणीला, या तपशिलांवर त्याचे दिवस निघतात. घरी वडील आहेत, आई आहे, मोठी बहीण आहे, जिला तो अंबाबाई म्हणतो; आणि ज्याच्यापाशी मन मोकळे करता येईल असा नरूमामा आहे. वर्षाच्या अखेरीस शिरोडकर गाव सोडून जाते. मित्रांची ती चौकडी पूर्वीसारखी उरत नाही. मुकुंद दहावीत जातो.

एवढेच. खलनायक नाही, पळून जाणे नाही, विष पिणे नाही. मराठी वाचकाला प्रेमकथेत जे अपेक्षित असते त्यातले जवळजवळ काहीच या पुस्तकात घडत नाही, आणि तरीही दोन दशके ते हातोहात फिरते आहे. सुजय डहाके यांनी त्यावर केलेला ‘शाळा’ हा चित्रपट २०१२च्या जानेवारीत प्रदर्शित झाला. अंशुमन जोशीने मुकुंदची व केतकी माटेगावकरने शिरोडकरची भूमिका केली. ५९व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, तर अविनाश देशपांडे निगडी यांना आधारित पटकथेचा पुरस्कार मिळाला. त्याआधी याच कादंबरीवरून ‘गमभन’ हे नाटक रंगभूमीवर आले होते आणि ‘हमने जीना सीख लिया’ हा हिंदी चित्रपटही निघाला होता. मराठीतल्या एका कादंबरीचे रंगमंचावर आणि पडद्यावर इतके अवतार व्हावेत, हे वारंवार घडत नाही.

लेखकाचे वय आणि निवेदकाचे वय

‘शाळा’ वाचणारा बहुतेक जण ती आत्मकथनात्मक समजूनच वाचतो. भाषा इतकी आतली आहे की तसे वाटणे साहजिक आहे. पण बोकील यांचा जन्म १९५७चा. आणीबाणी जाहीर झाली तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. नववीचा वर्ग त्यांनी तीन-चार वर्षांपूर्वीच मागे टाकलेला होता. म्हणजे नववीचे वर्ष आणीबाणीत नेऊन ठेवणे ही स्मृतीची नव्हे, रचनेची बाब आहे.

त्या रचनेमागचे कारण शोधणे कठीण नाही. आणीबाणीत मोठी माणसे जशी दबक्या आवाजात बोलू लागली, कोण ऐकते आहे याचा अंदाज घेऊ लागली, तशी शाळकरी मुले वर्षाचे बाराही महिने बोलत असतात. कोणते वाक्य कोणापुढे उच्चारायचे, कोणती चिठ्ठी कोठे लपवायची, पकडले गेल्यावर कोणाचे नाव घ्यायचे नाही, हे शिक्षण मुकुंदला वर्गात मिळत नाही. तो ते वर्गाबाहेर मिळवतो. बाहेरच्या राजकारणाची हवा कादंबरीत सतत जाणवते, पण तिच्यावर भाषण कोठेही नाही. वडीलधाऱ्यांचे जग आणि मुलांचे जग ही दोन्ही पाळतीखाली आहेत, फरक इतकाच की मुलांना त्याची सवय आहे. बोकील हे समाजशास्त्राचे अभ्यासक, कातकऱ्यांच्या विस्थापनावर आणि पुढे गडचिरोलीतील मेंढा गावाच्या ग्रामस्वराज्यावर त्यांनी पुस्तके लिहिली. सत्ता माणसांच्या रोजच्या वागण्यात कशी उतरते हे पाहण्याची त्यांची सवय या कादंबरीतही दिसते, फक्त येथे गावकीऐवजी बाकांच्या रांगा आहेत.

आणखी एक तपशील नव्या वाचकाच्या नजरेतून निसटतो. महाराष्ट्रात १०+२+३ हा आकृतिबंध त्याच सुमारास लागू झाला. जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची शालान्त परीक्षा १९७५पासून सुरू झाली. मुकुंदच्या पिढीला ‘दहावीचे वर्ष’ हा शब्द नवीन होता. पुढचे वर्ष बोर्डाचे, म्हणजे हे नववीचे वर्ष शेवटचे मोकळे, ही भावना कादंबरीत आरंभापासून असते. मोकळीक संपत चालली आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याचेच प्रेम इतके घाईचे आणि इतके भित्रे असते.

लग्नाचे वय आणि कादंबरीचे वय

शाळकरी प्रेमाची कादंबरी मराठीत एवढ्या उशिरा का आली, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. मराठी कादंबरी १८५७पासून लिहिली जात आहे आणि प्रेम हा तिचा आवडता विषय. पण चौदा वर्षांच्या मुलीने चौदा वर्षांच्या मुलाकडे वर्गात वळून पाहावे, यासाठी आधी त्या मुलीने चौदाव्या वर्षी अविवाहित असले पाहिजे आणि वर्गात असले पाहिजे. या दोन्ही गोष्टी फार काळ दुर्मीळ होत्या.

हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९०पासून ‘करमणूक’ या त्यांच्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिची नायिका यमू आपली कहाणी स्वतः सांगते. तिचे लग्न लहानपणीच होते. तिला प्रेम लाभते ते नवऱ्याकडून, लग्नानंतर, चोरून शिकवलेल्या अक्षरांबरोबर; आणि तो गेल्यावर तिच्या वाट्याला केशवपन येते. ही कादंबरी चालू असतानाच, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा झाला. त्यावरून पुण्यात केवढे वादळ उठले हे प्रसिद्ध आहे. वाद होता तो दहाचे वय बारा करण्याचा. ज्या समाजात बारा वर्षांची मर्यादासुद्धा धर्मावरचे संकट वाटत होती, त्या समाजात किशोरवयीन प्रेमाला जागाच नव्हती, कारण किशोरवय नावाची अवस्थाच मुलीच्या वाट्याला येत नव्हती. परकर सुटून लुगडे आले की ती सून झाली.

१९२९ साली सारडा कायदा मंजूर झाला व १ एप्रिल १९३०पासून अमलात आला. मुलीचे वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरले. कायदा फारसा पाळला गेला नाही. पण शहरी मध्यमवर्गात शिक्षणामुळे लग्ने लांबू लागली होती आणि साहित्यात त्याचे पडसाद लगेच उमटले. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ साली आला. शिकलेल्या, अविवाहित, घराच्या शिस्तीत वाढलेल्या मुलींना शरीर आणि मन असते, हे त्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेले होते. लेखिका कोण यावर तर्क लढवले गेले, निषेध झाले. त्या मालतीबाई बेडेकर होत्या हे पुढे उघड झाले. ना. सी. फडके यांच्या नायक-नायिका याच काळात कॉलेजात भेटत होत्या. तेथे टेनिस होते, आगगाडीचा प्रवास होता, मोकळी हवा होती. परंतु ते कॉलेज होते. शाळा अजून कादंबरीच्या बाहेरच उभी होती.

१९४९च्या दुरुस्तीने मुलीचे किमान वय पंधरा झाले. अठरा आणि एकवीस या आजच्या मर्यादा आल्या त्या १९७८ साली. आता ‘शाळा’चा काळ पुन्हा आठवून पाहावा. शिरोडकर नववीत आहे ती १९७८च्या आधी. म्हणजे ज्या वर्षी मुकुंद तिच्या एका कटाक्षासाठी रस्त्याच्या कडेला ताटकळतो, त्या वर्षी देशाच्या कायद्याप्रमाणे ती साधारण वर्षभराने लग्नाला पात्र ठरणार होती. कादंबरी हे सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही. त्या काळच्या प्रत्येक आईवडिलांना ते ठाऊक होते. मुलीच्या घरातली ती चिंता, ती नजर, ‘वेळेवर घरी ये’ हा तगादा, हे सगळे या एका आकड्याभोवती फिरत होते.

सुहास शिरवळकर यांची ‘दुनियादारी’ (१९८२) तरुणांमध्ये अफाट लोकप्रिय झाली आणि २०१३च्या चित्रपटाने तिला नवी पिढी मिळवून दिली. ‘शाळा’ची तुलना तिच्याशी नेहमी होते. पण तेथला कट्टा कॉलेजचा आहे. घरापासून दूर राहणारी, खिशात थोडे पैसे असणारी, मारामारी करू शकणारी ती मुले आहेत. ‘शाळा’तली मुले संध्याकाळी दिवेलागणीला घरी असतात. दोन्ही पुस्तकांतला फरक सांगायला हे एक वाक्य पुरेसे व्हावे.

राखण आणि फट

‘राखलेली मुलगी’ असा शब्दप्रयोग आपल्याकडे नाही. पण ‘मुलीला जपणे’ आहे, ‘डोळ्यांत तेल घालून’ आहे, ‘उंबरठा’ आहे. जगभरच्या किशोरवयीन प्रेमकादंबऱ्यांचा हा जुना आधार आहे : एक बंद घर, आत एक मुलगी आणि बाहेर एक मुलगा. निकोला यून यांच्या ‘एव्हरीथिंग, एव्हरीथिंग’ या २०१५ सालच्या इंग्रजी कादंबरीत अठरा वर्षांची नायिका आजाराच्या कारणाने घराबाहेर पाऊलच टाकत नाही आणि शेजारी राहायला आलेल्या मुलाला खिडकीतून पाहते. अमेरिकेतल्या लेखिकेला मुलीला घरात कोंडण्यासाठी एक दुर्धर आजार योजावा लागला. आपल्या लेखकांना आजाराची आवश्यकता भासली नाही. वैकम मुहम्मद बशीर यांच्या ‘बाल्यकालसखी’ (१९४४) या मल्याळम कादंबरीत शेजारी वाढलेली मजीद आणि सुहरा गरिबीमुळे आणि रीतिरिवाजांमुळेच दूर होतात. मराठीत तर ते कुंपण घराघरांत होतेच.

‘शाळा’चे वेगळेपण असे, की हे कुंपण तिच्यात प्रेमाचा अडथळा म्हणून येत नाही, तर प्रेम ज्यापासून बनते ते द्रव्य म्हणून येते. मुलींना सुरक्षित ठेवण्यासाठी मोठ्यांनी ज्या जागा नेमून दिल्या आहेत, नेमक्या त्याच जागांत मुकुंदला शिरोडकर भेटते. शाळा ही सुरक्षित जागा म्हणून तिला शाळेत धाडले जाते. क्लास हा अभ्यासाचा म्हणून परवानगी मिळते. देवळात जायला कोणी अडवत नाही. शिबिराला बाई बरोबर असतात म्हणून पाठवतात. मुकुंद या परवानग्यांचा नकाशा करतो आणि त्या नकाशावर आपली वाट काढतो. राखण करणाऱ्यांनीच फट ठेवलेली असते, त्याने ती फक्त शोधलेली असते. म्हणून कादंबरीचे नाव कोणा नायिकेचे नाही, प्रेमाचे तर नाहीच. ते एका संस्थेचे आहे.

तसे पाहता हा अनुभव मुंबईजवळच्या गावापुरता नाही. विदर्भातल्या वाशिम जिल्ह्यातले मानोरा घ्या. १ जुलै १९९८ रोजी अकोल्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा झाला, त्यातले हे तालुक्याचे गाव. याच तालुक्यात पोहरादेवी, संत सेवालाल महाराजांच्या समाधीचे ठिकाण, जेथे रामनवमीला देशभरातून बंजारा समाज लोटतो. आजूबाजूला खेडी आणि तांडे. तांड्यावरच्या मुलीच्या घरी गोरबोली, बाजारात वऱ्हाडी आणि वर्गात पुस्तकी मराठी. मुकुंदच्या टोळीची कोकणपट्टीची भाषा तिला वा तिच्या भावाला चौथी परकी भाषा वाटावी. तरीही कादंबरीतली परिस्थिती तिला समजावून सांगावी लागणार नाही. अशा गावांत मुलींसाठी स्वतंत्र माध्यमिक शाळा प्रत्येक ठिकाणी असणे शक्य नसते. एकाच वर्गात डावीकडे मुली, उजवीकडे मुले बसतात. गावात आठवी-दहावीनंतरची सोय नसेल तर तालुक्याला जावे लागते आणि त्यासाठी एसटी असते. राज्यात शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एसटीचा प्रवास मोफत आहे. मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी निळ्या गाड्या सोडल्या गेल्या, सायकली दिल्या गेल्या. हेतू एकच, मुलगी शाळेत सुरक्षित जावी आणि सुरक्षित परत यावी.

आणि मुकुंदने नकाशात टिपली असती ती जागा म्हणजे बसस्थानक. पास दाखवून गाडीत चढणाऱ्या मुली, सायकल उगाच रेंगाळत नेणारी मुले, गाडी उशिरा आल्याने मिळालेली पंधरा मिनिटे. कोणाच्या शेजारी कोण उभे राहिले हे तिन्हीसांजेच्या आत गावात पोहोचते, कारण त्याच गाडीतून गावातले दहा जण बाजार करून परतत असतात. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी हे चित्र पाहायला मिळेल. यात नवल नाही. नवल आहे ते यापुढच्या हिशेबात.

किंमत कोणी मोजली

‘शाळा’ मुकुंद सांगतो. त्यामुळे शिरोडकर आपल्याला दिसते ती त्याच्या डोळ्यांनी. तिची चाल, तिचे हसू, तिची रिबीन, तिचे गप्प राहणे. तिच्या घरात काय चालले होते, ती रात्री काय विचार करत होती, गाव सोडताना तिला कोणी काही विचारले का, हे पुस्तकात नाही. असू शकत नाही, कारण निवेदकाला ते माहीत नाही आणि बोकील त्याला माहीत असल्याचे खोटे नाटक करू देत नाहीत. हा लेखकाचा प्रामाणिकपणा आहे. पहिल्या प्रेमातला मुलगा मुलीविषयी जवळजवळ काहीच जाणत नसतो आणि त्या अज्ञानातूनच त्याची सगळी कल्पनाशक्ती जन्माला येते, हे याहून चांगले कोणी दाखवलेले नाही.

मात्र शेवटी मुकुंद वेदना घेऊन का होईना, दहावीच्या वर्गात जातो. शिरोडकर पुस्तकाच्या बाहेर जाते. वाचक मुकुंदबरोबर हळहळतो आणि पुस्तक मिटतो. पुस्तक पुन्हा वाचताना दुसराच विचार मनात येतो : कुंपण ज्या दोघांभोवती होते त्यातल्या एकालाच त्याची कहाणी सांगायला मिळाली. केवडाच्या प्रकरणातही तेच. सुऱ्याला शिक्षा होते, त्याचा बोभाटा होतो. पण केवडा घरी गेल्यावर तिचे काय झाले याची विचारपूस त्या अड्ड्यावर फारशी होत नाही. मुलांची मैत्री एवढी रसरशीत रंगवली आहे की हे लक्षात येऊ नये. पहिल्या वाचनात येतही नाही.

मराठीत मुलीच्या बाजूने लिहिले गेले नाही असे नाही. यमूपासून विभावरींच्या नायिकांपर्यंत आणि पुढे गौरी देशपांड्यांपर्यंत स्त्रीचे अंतरंग मराठीने पुष्कळ पाहिले. पण त्या स्त्रिया आहेत, पत्नी आहेत, कमावत्या किंवा प्रौढ आहेत. नववीतल्या मुलीने वर्गातल्या मुलाविषयी स्वतःच्या बोलीत, मैत्रिणीला सांगावे तसे, मस्करीने आणि भीतीने सांगितलेली मोठी कादंबरी आपल्याकडे विरळाच. वास्तविक ‘शाळा’ला जोडीदार हवी ती अशा कादंबरीची. चित्रपटांनी थोडी भरपाई केली. ‘टाइमपास’ (२०१४) या रवी जाधव यांच्या चित्रपटात केतकी माटेगावकरनेच कडक शिस्तीच्या घरातली प्राजक्ता रंगवली. तेथे वडिलांचा धाक पडद्यावर प्रत्यक्ष आहे आणि त्या धाकातला विनोदही आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त जब्या शालूकडे पाहत राहतो, पण दोघांमधली भिंत जातीची आहे आणि शालूचा आवाज तेथेही ऐकू येत नाही. ‘सैराट’ (२०१६) मध्ये आर्ची बोलते, बुलेट चालवते, पुढाकार घेते, आणि किंमत प्राणांनी मोजते. ‘शाळा’तली पांढरपेशी वस्ती आणि ‘सैराट’मधला गाव यांच्यात अंतर आहे, परंतु मुलीने पाहिले, बोलली, होकार दिला की घराची प्रतिष्ठा पणाला लागते, हे सूत्र एकच. शिरोडकरच्या घरी ते सौम्यपणे अमलात आले, एवढेच म्हणता येईल.

हा प्रश्न केवळ साहित्याचा नाही म्हणून त्याची नोंद करणे आवश्यक वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातल्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेले होते. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण २६.३ टक्के होते. घट झाली आहे, तरी पाचातली एक हे प्रमाण लहान नव्हे. २०२०-२१मध्ये महामारीमुळे शाळा बंद राहिल्या तेव्हा बालविवाह वाढल्याच्या तक्रारी राज्याच्या अनेक भागांतून आल्या. कारणे गरिबीची आहेत, ऊसतोडीसारख्या स्थलांतराची आहेत, हुंड्याची आहेत. आणि त्यांच्या जोडीला ‘काही कमी-जास्त होण्याआधी’ हे कारण आहेच. शाळेच्या वाटेवर कोणाशी बोलताना दिसली, मोबाइलमध्ये कोणाचा नंबर सापडला, की शाळा बंद आणि स्थळ पाहणे सुरू. मुलाची शाळा त्यासाठी सहसा बंद होत नाही. त्याला चार फटके मिळतात, कदाचित मामाकडे पाठवतात, आणि जूनमध्ये तो पुढच्या वर्गात बसतो.

कायद्यानेही यात एक नवी गुंतागुंत आणली आहे. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा ‘पॉक्सो’ कायदा २०१२ साली आला आणि संमतीचे वय सोळावरून अठरा झाले. लहान मुलांवरच्या अत्याचारांना आळा घालण्यासाठी तो हवाच होता. पण मुलगी आपल्या मर्जीने कोणाबरोबर गेली की तिच्या घरच्यांनी याच कायद्याखाली फिर्याद द्यावी, असेही घडू लागले, आणि उच्च न्यायालयांनी त्यावर वेळोवेळी भाष्य केले. विधि आयोगाने २०२३च्या २८३व्या अहवालात वय कमी करू नये, मात्र सोळा ते अठरा वयातल्या परस्परसंमतीच्या प्रकरणांत न्यायालयांना तारतम्य वापरता यावे, अशी शिफारस केली. मुकुंदचे प्रेम कायद्याच्या कोणत्याही कलमात बसणारे नाही. तो हातसुद्धा धरत नाही. पण आजच्या नववीतल्या मुलांच्या पालकसभेत या पुस्तकाची चर्चा झाली तर अर्धा वेळ पोलीस ठाण्याविषयी बोलण्यात जाईल, हेही खरे.

वाचताना

नव्याने वाचणाऱ्यांसाठी एक-दोन सूचना. चित्रपट पाहून कादंबरीकडे येणाऱ्याला ती लांब आणि काही ठिकाणी पसरट वाटेल. शिक्षकांच्या नकला, मैदानावरची भांडणे, परीक्षांचे तपशील यांत पाने जातात. ती गाळू नयेत. शिरोडकर क्वचित दिसते म्हणूनच ती दिसली की पान उजळते, आणि ती क्वचित दिसावी यासाठी मधली पाने लागतात. शिव्या आणि टोपणनावे यांमुळे काही घरांत पुस्तक मुलांच्या हाती देण्याबाबत संकोच असतो. ज्या वयाच्या मुलांविषयी ते आहे त्या वयाच्या मुलांना त्यातले एकही अक्षर नवीन नसते, हे त्या घरांनी लक्षात घ्यावे. आणि हे पुस्तक मुलाच्या हाती देणाऱ्याने मुलीच्याही हाती द्यावे. ती ते वेगळे वाचते. मुलांना त्यात स्वतःचा अड्डा सापडतो. मुली बहुधा पहिला प्रश्न हा विचारतात, की शिरोडकर गेली ती कोठे, आणि तिथल्या शाळेत तिचे नाव घातले का.